विश्वाचा प्रसरणवेग : ताऱ्यांवरून घेतलेले माप आणि त्याभोवतीचा वाद

प्रश्नाचे स्वरूप

दूरच्या दीर्घिका आपल्या आकाशगंगेपासून लांब जात आहेत आणि दीर्घिका जितकी दूर तितका तिचा हा वेग अधिक आहे, या निरीक्षणावर आधुनिक विश्वरचनाशास्त्र उभे आहे. वेग आणि अंतर यांच्या गुणोत्तराला हबल स्थिरांक म्हणतात. विश्व आज कोणत्या दराने प्रसरण पावत आहे हे तो सांगतो. त्याचे एकक काहीसे अपरिचित असल्याने ते आधी स्पष्ट करणे इष्ट ठरेल. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे. हबल स्थिरांक ७० आहे असे म्हटले की प्रसरणामुळे एक मेगापार्सेक अंतरावरची दीर्घिका सेकंदाला ७० किलोमीटर वेगाने आणि दहा मेगापार्सेक अंतरावरची ७०० किलोमीटर वेगाने दूर जात आहे, असा त्याचा अर्थ होतो. पुढे येणारी हबल स्थिरांकाची सर्व मूल्ये याच एककातली आहेत.

हा दर ठरवण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिलीत ताऱ्यांची आणि सुपरनोव्हांची अंतरे पायरीपायरीने मोजत जवळच्या विश्वातला दर थेट काढला जातो. दुसरीत विश्वाच्या बाल्यावस्थेतून आलेल्या प्रारणाचा अभ्यास करून, मान्य सिद्धान्ताच्या आधारे, आजचा दर किती असायला हवा हे गणिताने ठरवले जाते. पहिल्या वाटेने गेल्यास उत्तर ७३ च्या आसपास येते, दुसरीने ६७ च्या आसपास. नऊ टक्क्यांच्या आतला हा फरक सामान्य वाचकाला किरकोळ वाटेल, आणि पन्नास वर्षांपूर्वी तो खगोलशास्त्रज्ञांनाही तसाच वाटला असता. परंतु आज दोन्ही बाजू आपली अनिश्चितता दीड टक्क्याच्या आत असल्याचे सांगतात, आणि ते खरे असेल तर हा फरक केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी आहे. मग एकतर मोजणीत कोठेतरी दोष राहिला आहे किंवा विश्वाच्या जडणघडणीविषयीच्या प्रचलित सिद्धान्तात काहीतरी उणे आहे. या दोहोंपैकी काय खरे, यावर एकमत झालेले नाही.

पूर्वपीठिका : लेव्हिट ते बाडे

दीर्घिकेचा वेग काढणे तुलनेने सोपे असते. प्रसरणामुळे तिच्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते आणि वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात आणि ती अचूक मोजता येते. व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ पासूनच सर्पिल दीर्घिकांच्या वर्णपटांची अशी मोजणी सुरू केली होती. खरी अडचण अंतराची असते. आकाशातला एखादा ठिपका मंद दिसतो तो मुळातच मंद आहे म्हणून की फार दूर आहे म्हणून, हे नुसत्या दिसण्यावरून सांगता येत नाही. ज्याचे मूळ तेज ठाऊक आहे अशी वस्तू सापडली तरच तिच्या दृश्य तेजावरून अंतर निघते, आणि अशा वस्तूला प्रमाणदीप म्हणतात.

पहिला भरवशाचा प्रमाणदीप हार्वर्ड वेधशाळेत काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी दिला. पेरू देशातील आरेकिपा येथून आलेल्या छायाचित्रण-काचांवर लहान मॅगेलनी मेघातील रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचे तेज नियमाने कमीजास्त होते असे तारे, त्या शोधत होत्या. १९१२ साली त्यांनी अशा २५ ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध करून दाखवले की ताऱ्याचे तेज जितके अधिक तितका त्याच्या चढउताराचा आवर्तकाल दीर्घ असतो. हे सर्व तारे एकाच मेघातले, म्हणून जवळपास सारख्याच अंतरावरचे, आणि म्हणूनच त्यांच्या दृश्य तेजातला फरक हा मूळ तेजातलाच फरक होय, हा त्यांचा साधा पण अचूक तर्क पुढच्या शंभर वर्षांच्या मोजणीचा आधार ठरला. या जातीच्या ताऱ्यांना डेल्टा सेफाय या ताऱ्यावरून सेफीड म्हणतात. त्यांच्या बाह्य थरांतील हेलियमचे आयनीभवन कमीअधिक होत असल्याने आतली उष्णता कधी अडते, कधी सुटते आणि तारा ठरावीक कालाने फुगतो व आक्रसतो. आवर्तकाल मोजला की मूळ तेज कळते, मूळ तेज कळले की अंतर कळते.

एडविन हबल यांना १९२३ साली देवयानी दीर्घिकेत असा तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचे सिद्ध झाले. विश्व प्रसरण पावू शकते हे अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये सापेक्षतेच्या समीकरणांतून दाखवले होते, आणि १९२७ मध्ये जॉर्ज लमेत्र यांनी उपलब्ध वेग व अंतरे एकत्र करून प्रसरणाचा दरही काढला होता; मात्र त्यांचा फ्रेंच लेख फारसा वाचला गेला नाही. हबल यांचा १९२९ चा लेख सर्वांपर्यंत पोहोचला. त्यातला आकडा होता सुमारे ५००.

हा आकडा खरा मानला तर विश्वाचे वय जेमतेम दोनशे कोटी वर्षे निघत होते, आणि किरणोत्सर्गावरून काढलेले पृथ्वीवरील खडकांचे वय त्याहून अधिक भरत होते. विश्वाच्या पोटातली वस्तू विश्वाहून जुनी असणे अशक्य असल्याने अनेकांनी प्रसरणाच्या अर्थाविषयीच शंका घेतली. १९४८ साली हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी मांडलेल्या स्थिरस्थिती सिद्धान्ताला, ज्याचा पुढे हॉईल यांच्यासमवेत जयंत नारळीकर यांनी विस्तार केला, या विसंगतीमुळे एक मोठे बळ मिळाले होते. त्या सिद्धान्तात विश्वाला आरंभच नसल्यामुळे वयाची अडचण उद्भवत नव्हती.

उत्तर मात्र ताऱ्यांच्या अभ्यासातून आले. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसमध्ये दिवे मालवले जात असल्याने माउंट विल्सन वेधशाळेवरचे आकाश अधिक काळोखे झाले होते. त्या काळात वाल्टर बाडे यांनी देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे करून पाहिले आणि दीर्घिकेत ताऱ्यांचे दोन वेगळे गट असतात हे ओळखले. पुढे पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीनेही देवयानीतील आरआर लायरी जातीचे, म्हणजे मूळ तेज ठाऊक असलेले आणखी एका प्रकारचे रूपविकारी, तारे दिसेनात, तेव्हा देवयानी मानली होती त्याहून बरीच दूर असली पाहिजे हे त्यांच्या ध्यानात आले. सेफीड एकाच प्रकारचे नसून दोन प्रकारचे आहेत आणि समान आवर्तकालाच्या दोन प्रकारांच्या तेजात सुमारे दीड प्रतीचा (प्रत हे ताऱ्यांच्या तेजाचे माप) फरक आहे, हे त्यांनी १९५२ मध्ये रोम येथे जाहीर केले आणि विश्वातील सर्व अंतरे एका घोषणेत दुप्पट झाली. १९५८ मध्ये अॅलन सँडेज यांनी आणखी एक दोष दाखवला. हबल यांनी दूरच्या दीर्घिकांतले सर्वांत तेजस्वी तारे म्हणून ज्यांचा उपयोग केला होता त्यांतले काही तारे नव्हतेच, ते तप्त हायड्रोजनचे ढग होते. सँडेज यांचा नवा आकडा ७५ च्या आसपास होता. तीस वर्षांत ५०० चे ७५ झाले, आणि प्रत्येक मोठी घट ‘पाहिली ती वस्तू नेमकी कोणती’ या प्रश्नाच्या उत्तरातून आली. दुर्बिणीची अचूकता वाढल्याने मूळ चूक आपोआप सुटली असे एकदाही घडले नाही. आजच्या वादाचे मूल्यमापन करताना हा अनुभव दृष्टीआड करता येत नाही.

पन्नास की शंभर

१९७० च्या दशकाच्या मध्यापासूनची दोन दशके दोन आकड्यांच्या संघर्षात गेली. सँडेज आणि गुस्ताव टामान ५० ते ५५ या मूल्यावर ठाम होते, तर जेरार द व्होकुलर १०० च्या बाजूने. दोन्ही पक्ष आपली अनिश्चितता दहा टक्क्यांच्या आसपास असल्याचे सांगत, म्हणजे किमान एक पक्ष आपल्या चुकीचा अंदाज फारच कमी लावत होता. पुढे दोन्ही आकडे चुकीचे ठरले. हबल अंतराळ दुर्बीण १९९० मध्ये सोडली गेली तेव्हा हा दर दहा टक्क्यांपर्यंत निश्चित करणे हे तिच्या प्रमुख उद्दिष्टांपैकी एक होते. वेंडी फ्रीडमन, रॉबर्ट केनिकट आणि जेरेमी मोल्ड यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पाने २००१ मध्ये ७२ हे मूल्य आणि ८ ची अनिश्चितता जाहीर केली. हा आकडा जुन्या दोन्ही मतांच्या मध्ये असल्याने वाद मिटला असे बहुतेकांना वाटले.

शिडीची आजची बांधणी

जवळच्या अंतरांवरून दूरची आणि दूरच्यांवरून त्याहून दूरची अंतरे काढण्याच्या पद्धतीला अंतरांची शिडी म्हणतात. आजच्या शिडीला तीन पायऱ्या आहेत.

पहिल्या पायरीवर सेफीड ताऱ्यांचे मूळ तेज केवळ भूमितीने निश्चित केले जाते आणि त्यासाठी मुख्यतः तीन आधारबिंदू वापरले जातात. एक म्हणजे आपल्याच आकाशगंगेतील सेफीड. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा दूरच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याला पराशय म्हणतात आणि युरोपच्या गाया उपग्रहाने तो अभूतपूर्व अचूकतेने मोजला. दुसरा आधारबिंदू म्हणजे मोठा मॅगेलनी मेघ. त्यातील एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या वीस जोडताऱ्यांच्या निरीक्षणांतून त्याचे अंतर ४९.६ किलोपार्सेक, म्हणजे सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षे, असल्याचे २०१९ मध्ये एक टक्का अचूकतेने ठरले. तिसरा म्हणजे एनजीसी ४२५८ ही दीर्घिका. तिच्या केंद्रातील कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या चकतीत पाण्याच्या रेणूंचे मेसर आहेत, म्हणजे लेसरप्रमाणे काम करणारे सूक्ष्मतरंगांचे नैसर्गिक स्रोत. त्यांची गती आणि आकाशातील सरकणे यांच्या तुलनेतून निघालेले ७.६ मेगापार्सेक हे अंतर कोणत्याही ताऱ्याच्या तेजावर अवलंबून नाही.

दुसऱ्या पायरीवर सेफीड आणि ‘एक-अ’ प्रकारचा सुपरनोव्हा या दोन्ही गोष्टी ज्या दीर्घिकांत दिसल्या आहेत त्यांचा उपयोग होतो. सुपरनोव्हा म्हणजे अतिदीप्त नवतारा, ताऱ्याचा प्रचंड स्फोट. त्यातला हा प्रकार श्वेतबटूच्या, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याच्या अखेरीस उरणाऱ्या घन अवशेषाच्या, स्फोटातून होतो. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दाखवल्याप्रमाणे श्वेतबटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असू शकत नाही. साथीदार ताऱ्याकडून द्रव्य ओढून घेत तो या मर्यादेच्या जवळ गेला की त्याचा स्फोट होतो, असे पारंपरिक स्पष्टीकरण आहे. अशा स्फोटाचे सर्वोच्च तेज चारशे ते पाचशे कोटी सूर्यांइतके असल्याने तो फार दुरूनही दिसतो. मात्र सर्व स्फोट सारखे नसतात. चिलीतील सेरो टोलोलो वेधशाळेतील मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवले की जे सुपरनोव्हा सावकाश मावळतात ते मुळात अधिक तेजस्वी असतात, आणि ही दुरुस्ती केल्यावरच हे स्फोट खऱ्या अर्थाने प्रमाणदीप झाले. प्रसरणाचा वेग वाढत चालला आहे हा १९९८ चा शोध याच सुपरनोव्हांच्या आधारे लागला आणि त्याला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसऱ्या पायरीवर, सेफीड दिसू शकत नाहीत इतक्या दूरचे शेकडो सुपरनोव्हा येतात. प्रत्येक दीर्घिकेला शेजारच्या दीर्घिकांच्या गुरुत्वाकर्षणामुळे सेकंदाला काही शे किलोमीटर असा स्वतःचा वेगही असतो, आणि जवळच्या विश्वात तो प्रसरणाच्या वेगात गोंधळ घालतो. पुरेसे दूर गेले की प्रसरणाचा वेग त्याच्या कैक पट होतो आणि हा गोंधळ नगण्य ठरतो. या पायरीसाठी लागणारे सुपरनोव्हा आता मुबलक आहेत. कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली पालोमार येथे सुरू झालेल्या झ्विकी सर्वेक्षणाने एकट्यानेच या प्रकारच्या साडेतीन हजारांहून अधिक स्फोटांची नोंद प्रसिद्ध केली आहे.

अॅडम रीस यांच्या गटाने, जो ‘शूज’ या नावाने ओळखला जातो, या तीन पायऱ्या एकत्र गुंफून २०२२ मध्ये ७३.०४ हे मूल्य आणि १.०४ ची अनिश्चितता जाहीर केली. त्यासाठी ३७ दीर्घिकांतील ४२ सुपरनोव्हांची सेफीडांशी सांगड घातली होती.

दुसरी वाट : आदिम प्रारण

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व पारदर्शक झाले आणि तेव्हा सुटलेले प्रारण आज सूक्ष्मतरंगांच्या रूपात सर्व दिशांनी येते. त्यापूर्वीच्या तप्त द्रव्यात ध्वनिलहरी पसरत होत्या, आणि पारदर्शक होण्याच्या क्षणापर्यंत लहर जितकी दूर पोहोचली त्या लांबीचा ठसा या प्रारणावर उमटलेला आहे. आकाशात या लांबीचा कोन सुमारे ०.६ अंश भरतो आणि तो विलक्षण अचूकतेने मोजला गेला आहे. लांबी गणिताने ठरली आणि कोन मोजला की अंतर निघते, आणि त्यातून आजचा प्रसरणदरही. प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या अंतिम विश्लेषणाने तो ६७.४ असल्याचे सांगितले, अनिश्चितता फक्त ०.५.

ही मोजणी एका उपग्रहाच्या दोषामुळे बिघडली असेल ही शंका टिकलेली नाही. चिलीतील अटाकामा दुर्बिणीने प्लांकची निरीक्षणे न वापरता २०२० मध्ये ६७.९ हे मूल्य काढले. दीर्घिकांच्या वितरणात त्याच ध्वनिलहरींचा ठसा शोधणाऱ्या सर्वेक्षणांनी, ज्यांत अॅरिझोनातील डेसी हा प्रकल्प सर्वांत मोठा आहे, हलक्या मूलद्रव्यांच्या प्रमाणाची जोड देऊन ६८.५ च्या आसपास उत्तर दिले. या सर्व पद्धतींत एक गोष्ट मात्र समान आहे. ध्वनिलहरीची ती मूळ लांबी कोणी प्रत्यक्ष मोजलेली नाही. कृष्णद्रव्य, कृष्णऊर्जा आणि न्यूट्रिनो यांच्याविषयीची प्रचलित गृहीतके धरून ती काढली जाते. म्हणून या बाजूचा आकडा हे काटेकोर अर्थाने मोजमाप नसून भाकीत आहे, आणि ते चुकीचे ठरलेच तर त्याचा दोष दुर्बिणींकडे न जाता सिद्धान्ताकडे जाईल.

शिडीवरील आक्षेप

ताऱ्यांच्या शिडीवर घेतले गेलेले आक्षेप अधिक ठोस स्वरूपाचे आहेत. सर्वांत गंभीर आक्षेप गर्दीचा होता. दूरच्या दीर्घिकेत सेफीडाच्या अगदी शेजारी इतर तारे असतात, आणि दुर्बिणीला ते सुटे दिसले नाहीत तर त्यांचा प्रकाश सेफीडाच्या प्रकाशात मिसळतो. सेफीड खऱ्याहून तेजस्वी, म्हणून दीर्घिका खऱ्याहून जवळ आणि प्रसरणदर खऱ्याहून मोठा भासतो. दोषाची दिशा नेमकी तीच असल्याने या शंकेला वजन होते. जेम्स वेब दुर्बिणीची अवरक्त दृष्टी हबल दुर्बिणीहून पुष्कळ तीक्ष्ण आहे. तिने एनजीसी ४२५८ आणि सुपरनोव्हांच्या पाच दीर्घिका यांतील हजाराहून अधिक सेफीड पुन्हा पाहिले तेव्हा अंतरांत पद्धतशीर फरक आढळला नाही, असे रीस यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवले. गर्दीमुळे संपूर्ण विसंगती निर्माण झाली असावी हे मत त्यानंतर टिकवणे अवघड झाले आहे.

दुसरा आक्षेप धातुप्रमाणाचा आहे. हेलियमहून जड अशा सर्व मूलद्रव्यांना खगोलशास्त्रात धातू म्हटले जाते, आणि त्यांच्या प्रमाणानुसार सेफीडचे तेज किती बदलते याविषयी गटागटांत अजून मतभेद आहेत. तिसरा गायाच्या पराशयातील शून्यबिंदूच्या सूक्ष्म चुकीचा आहे. सेफीड फार तेजस्वी असल्याने त्यांच्यासाठी ही दुरुस्ती नाजूक ठरते. आणि चौथा धुळीचा, जो लेव्हिट यांच्या काळापासून पाठ सोडत नाही. यांपैकी एकही एकटा पाच-सहा एककांचा फरक पाडू शकेल असे दिसत नाही, कारण तीन आधारबिंदूंपैकी कोणताही एक वगळला तरी अंतिम मूल्य फारसे हलत नाही.

याहून वेगळी भूमिका वेंडी फ्रीडमन यांच्या गटाची आहे. सेफीडवर इतका भार टाकणे त्यांना सुरक्षित वाटत नाही. सूर्याहून फार जड नसलेला वृद्ध तारा तांबडा राक्षसी होत तेजस्वी होत जातो आणि त्याच्या गाभ्यातील हेलियम एकाएकी पेटते तेव्हा ही वाढ थांबते. गाभ्याचे वस्तुमान तेव्हा जवळजवळ ठरलेले असल्याने या टोकाचे तेजही जवळजवळ ठरलेले असते. असे तारे दीर्घिकेच्या विरळ, धूळरहित बाह्यभागात मिळतात, हा मोठा फायदा. या पद्धतीने २०१९ मध्ये ६९.८ हे मूल्य मिळाले, आणि वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांची भर घालून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले मूल्य ७०.४ च्या आसपास आहे. हे मूल्य अनिश्चितता लक्षात घेता आदिम प्रारणाच्या आकड्याशी विसंगत ठरत नाही, म्हणून नव्या भौतिकीचा दावा करण्याची घाई नको, असे या गटाचे म्हणणे आहे.

यावर रीस यांच्या गटाचे उत्तर नीट समजून घेण्याजोगे आहे. दोन्ही गटांनी ज्या दीर्घिका सामाईकपणे मोजल्या त्यांच्या अंतरांत फारशी तफावत नाहीच; फरक पडतो तो कोणते सुपरनोव्हा निवडले यामुळे. वेबने पाहिलेल्या दहा-अकरा दीर्घिकांतील सुपरनोव्हांचा छोटा संच असा आहे की सेफीडची अंतरे वापरली तरी त्यातून सरासरीपेक्षा कमी मूल्य निघते, आणि ४२ सुपरनोव्हांचा पूर्ण संच घेतला की ते पुन्हा वर जाते. तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या टोकाचीच निरीक्षणे वेगळ्या गटांनी हाताळली तेव्हा ७१.५ आणि ७३.२ अशीही मूल्ये निघाली आहेत, ही बाबही या युक्तिवादाला दुजोरा देते. त्यामुळे सेफीड चांगले की तांबडे राक्षसी चांगले असा जो वाद बाहेरून दिसतो, तो आतून पाहिल्यास बराचसा छोट्या संख्येचा प्रश्न आहे. उपलब्ध पुरावा पाहता रीस यांच्या गटाची बाजू या मुद्द्यावर अधिक भक्कम वाटते. मात्र पूर्ण संच वेबने पाहिला जाईपर्यंत फ्रीडमन यांची सावधगिरी अनाठायी म्हणता येणार नाही.

सुपरनोव्हांविषयीचे मूळ कोडेही शिल्लकच आहे. एकच श्वेतबटू हळूहळू द्रव्य गोळा करून फुटतो की दोन श्वेतबटू एकमेकांत विलीन होऊन फुटतात, याचा निर्णय लागलेला नाही. जड दीर्घिकांतील सुपरनोव्हा दुरुस्तीनंतरही किंचित अधिक तेजस्वी ठरतात आणि त्याचे कारण सर्वमान्य नाही. सेफीड असलेल्या दीर्घिका बहुधा तरुण ताऱ्यांच्या असतात, तर तिसऱ्या पायरीवर सर्व प्रकारच्या दीर्घिका येतात. विश्लेषक यासाठी काळजीपूर्वक निवड करतात, पण ज्या स्फोटाचे जनक ठाऊक नाहीत त्याच्या तेजाविषयीचा भरवसा शेवटी अनुभवावर आधारलेला राहतो, हे मान्य करावे लागते.

शिडीबाहेरच्या पद्धती

म्हणूनच सेफीड आणि सुपरनोव्हा दोन्ही टाळणाऱ्या पद्धतींना महत्त्व आले आहे. एनजीसी ४२५८ सारख्याच, परंतु फार दूरच्या मेसर-दीर्घिकांच्या थेट भूमितीय अंतरांवरून २०२० मध्ये ७३.९ हे मूल्य निघाले, अनिश्चितता ३.

१९६४ मध्ये श्यूर रेफस्डाल यांनी सुचवलेली पद्धत गुरुत्वीय भिंगाची आहे. दूरच्या तेजस्वी वस्तूचा प्रकाश मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने वळून अनेक वाटांनी येतो, वाटा कमीअधिक लांबीच्या असल्याने तोच चढउतार वेगवेगळ्या प्रतिमांत वेगवेगळ्या दिवशी दिसतो, आणि या विलंबातून प्रसरणदर काढता येतो. सहा क्वेसारांच्या, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांच्या, अशा अभ्यासातून २०२० मध्ये ७३.३ हे मूल्य आले तेव्हा शिडीला स्वतंत्र पुष्टी मिळाल्याचे मानले गेले. त्याच वर्षी मधल्या दीर्घिकेतील द्रव्याच्या वाटणीविषयीची गृहीतके सैल केल्यावर अनिश्चितता कित्येक पटींनी वाढली, आणि इतर भिंगांची माहिती जोडल्यावर मूल्य ६७.४ पर्यंत खाली आले. रेफस्डाल यांच्याच नावाचा सुपरनोव्हा, ज्याची आणखी एक प्रतिमा भाकितानुसार २०१५ च्या अखेरीस उमटली, त्यावरून निघालेले मूल्यही ६५ ते ६७ च्या दरम्यानचे आहे. पद्धत अत्यंत सुंदर आहे, परंतु भिंगातील द्रव्य नेमके कसे पसरले आहे हे कळेपर्यंत ती निर्णायक ठरणार नाही.

सर्वांत आशादायी वाट गुरुत्वीय लहरींची आहे. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हा निघणाऱ्या लहरींच्या आकारावरूनच त्यांची मूळ तीव्रता, आणि म्हणून अंतर, कळते, हे बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशी टक्कर प्रथमच लहरी आणि प्रकाश अशा दोन्ही रूपांत दिसली आणि तिच्यावरून ७० हे मूल्य निघाले, पण अनिश्चितता एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला ८ इतकी मोठी होती. टक्कर समोरून पाहिली की तिरकी, हे लहरींवरून नीट ठरत नाही, हे त्याचे मुख्य कारण. नंतरच्या रेडिओ निरीक्षणांनी हा कोन बराच निश्चित केला आणि अनिश्चितता पाचच्या आसपास आली. या घटनेच्या रेडिओ-पाठपुराव्यात पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग दुर्बिणीचाही वाटा होता. तिच्यासारखी दुसरी निर्विवाद घटना मात्र त्यानंतर मिळालेली नाही, आणि दोन टक्क्यांपर्यंत जायचे तर अशा पन्नासएक घटना लागतील असा अंदाज आहे.

सिद्धान्ताकडून आलेली उत्तरे

मोजणी बरोबर असेल तर सिद्धान्तात काय बदलावे, यावर शेकडो लेख लिहिले गेले आहेत. त्यांतले बहुतेक दोन गटांत मोडतात. एका गटानुसार पारदर्शक होण्यापूर्वीच्या विश्वात काहीतरी अधिक होते, जसे की काही काळ प्रभावी ठरून नंतर विरून गेलेली ‘प्रारंभिक कृष्णऊर्जा’ किंवा न्यूट्रिनोसारखे जादा कण. त्यामुळे त्या काळी प्रसरण अधिक वेगाने होऊन ध्वनिलहरीची लांबी कमी भरते आणि आजचा दर वर सरकतो. यासाठी लांबी सुमारे सात टक्क्यांनी घटावी लागते. परंतु असे केल्यास कृष्णद्रव्याचे प्रमाण वाढवावे लागते आणि दीर्घिकांच्या गुच्छांविषयीच्या निरीक्षणांशी नवी तेढ उत्पन्न होते. शिवाय अशी कृष्णऊर्जा नेमकी त्याच वेळी का जागी झाली, याचे नैसर्गिक उत्तर नाही.

दुसरा गट अलीकडच्या काळातील प्रसरणात बदल सुचवतो. येथे सुपरनोव्हा आणि दीर्घिकांची सर्वेक्षणे मिळून प्रसरणाचा इतिहास इतका घट्ट बांधतात की फारशी मोकळीक राहत नाही. आकाशगंगा एखाद्या विरळ पोकळीत असल्याने जवळचा दर फुगलेला दिसतो, ही कल्पनाही मांडली गेली. परंतु आवश्यक तितकी खोल पोकळी असती तर सुपरनोव्हांच्या वेग-अंतर आलेखात जी पायरी दिसली असती ती दिसत नाही. डेसी प्रकल्पाच्या २०२४ आणि २०२५ च्या निष्कर्षांत कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असल्याचे संकेत आहेत आणि त्यामुळे पुष्कळ चर्चा झाली. मात्र त्या संकेतांना सर्वांत चांगले जुळणारे प्रतिमान हबल स्थिरांक वर न नेता आणखी खाली नेते, हे अनेकदा सांगायचे राहून जाते.

अनिर्णित राहिलेले

एकंदर पाहता, एकाच जागी दडलेल्या एकाच चुकीने ही विसंगती समजावता येईल हा दहा वर्षांपूर्वीचा विश्वास आता उरलेला नाही. त्याच वेळी, शिडीबाहेरची कोणतीही पद्धत अद्याप एक-दोन टक्क्यांपर्यंत पोहोचलेली नाही, आणि शिडीच्या जवळजवळ सर्व आवृत्त्या दुसऱ्या पायरीवरच्या त्याच मूठभर सुपरनोव्हांवर उभ्या आहेत. सेफीड, तांबडे राक्षसी तारे आणि प्रमाणदीप म्हणून वापरले जाणारे कार्बनबहुल तारे ही तीन वेगळी साधने असली तरी त्यांचा शेवट याच संचात होतो; त्यांना पूर्णतः स्वतंत्र साक्षी मानणे हा तर्कदोष आहे. आणखी एक प्रश्न मोजणाऱ्यांच्या मनोवृत्तीचा आहे. पन्नास आणि शंभरच्या काळात अपेक्षित उत्तर मिळाले की दुरुस्त्या शोधणे थांबत असे. आता अनेक गट विश्लेषण संपेपर्यंत अंतिम आकडा स्वतःपासूनही लपवून ठेवतात, आणि ही शिस्त सार्वत्रिक होणे नव्या दुर्बिणीइतकेच महत्त्वाचे आहे.

पुढची प्रगती काही अंशी घाईने होऊ शकणार नाही. सेफीड मोजता येतील इतक्या जवळच्या दीर्घिकांत योग्य सुपरनोव्हा वर्षाला सरासरी एकच दिसतो, आणि ४२ चा संच जमायला चाळीस वर्षे लागली. वेबची नजर हबलच्या दुप्पट अंतरापर्यंत पोहोचली तर पाहण्याजोगा अवकाश आठ पटींनी वाढतो, म्हणून संख्या वाढवण्याचा हा सर्वांत जवळचा मार्ग आहे. गायाचे निरीक्षणकार्य २०२५ मध्ये थांबले असले तरी त्याच्या संपूर्ण नोंदींचे विश्लेषण अजून प्रसिद्ध व्हायचे आहे, आणि पराशयातील शून्यबिंदूचा प्रश्न त्यातून बराचसा सुटावा. चिलीतील रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे दिली असून तिच्यामुळे दूरच्या सुपरनोव्हांबरोबर भिंगातून दिसणारे सुपरनोव्हाही मोठ्या संख्येने सापडतील. हिंगोली जिल्ह्यात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. अमेरिकेतील दोन शोधकांपासून ती फार दूर असल्याने लहर कोणत्या दिशेने आली हे पुष्कळ अधिक नेमकेपणाने ठरेल आणि टकरीचा प्रकाश मावळण्यापूर्वी दुर्बिणी तिकडे वळवता येतील. सेफीड, सुपरनोव्हा आणि ध्वनिलहरीची लांबी या तिन्हींचे साहाय्य न घेणारे मूल्य त्यामुळे मिळू शकेल, मात्र ते ७३ च्या बाजूला झुकते की ६७ च्या, हे ठरवण्याइतक्या टकरी जमायला किती काळ लागेल हे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्या विश्वात किती वारंवार विलीन होतात यावर अवलंबून आहे, आणि तो दर आजही अत्यंत ढोबळपणेच ठाऊक आहे.